बांधकामाच्या जागेवरची माती, पाऊस आणि नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि भोवतालच्या गावांत बंगल्यापासून मोठ्या गृहसंकुलापर्यंत कोणतेही खोदकाम करणारे मालक, ठेकेदार आणि साइटवरील अभियंते यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. शेजारच्या साइटवरचा चिखल ज्यांच्या दारात येतो, त्या रहिवाशांनाही शेवटची काही उत्तरे उपयोगी पडतील. लिहिणारा पाया आणि खोदाईच्या कामांवर वर्षे घालवलेला स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे कायद्याच्या कलमांच्या जोडीने मुरूम, ताडपत्री आणि पंप यांचेही बोलणे बरेच येईल.

धूप आणि गाळ या दोन गोष्टी वेगळ्या का मानायच्या?

माती जागेवरून सुटते ती धूप, आणि तीच माती वाहत जाऊन जिथे बसते तिथे तिला आपण गाळ म्हणतो. माती एकच असली तरी तिच्यावर होणारा खर्च मात्र एकसारखा नसतो. सुटण्याआधी मातीवर ताडपत्री किंवा गवत टाकून ती जागच्या जागी धरून ठेवणे हे काही हजारांचे काम आहे, तर सुटलेली माती पावसाळी गटाराच्या चेंबरमधून, रस्त्यावरून किंवा शेजाऱ्याच्या पार्किंगमधून परत गोळा करणे हे माणसे, यंत्रे आणि बऱ्याचदा दंड यांचे काम होऊन बसते. आमच्याकडील बहुतेक साइटवर हा क्रम उलटा असतो. माती उघडी ठेवायची, पाऊस आला की धावपळ करून खालच्या कोपऱ्यात एक खड्डा खणायचा आणि त्यालाच ‘गाळाची व्यवस्था’ म्हणायचे, अशी पद्धत रूढ झाली आहे. हा खड्डा का पुरत नाही, ते पुढे सविस्तर सांगितले आहे.

एवढ्याशा प्लॉटवरून असे कितीसे पाणी वाहणार?

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तेवढ्या जागेवर एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख लिटरांहून अधिक, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर पाणी त्या जागेवर उतरते. गवत आणि झाडोरा असलेल्या जमिनीत यातले बरेच पाणी मुरते. मात्र पोकलेनने वरचा थर काढलेल्या आणि डंपरच्या चाकांनी चोपून घट्ट झालेल्या मुरमावर ते मुरत नाही. उताराने वाट काढते आणि जाताना मोकळी माती बरोबर घेऊन जाते. पुण्यात वळवाचे आणि परतीचे पाऊस थोड्या वेळात धो धो कोसळतात, त्यामुळे वर्षाची सरासरी कोकणापेक्षा कितीतरी कमी असली तरी साइटची परीक्षा तेवढीच कडक होते. पाऊस जूनमध्ये येतो असे धरून चालणाऱ्यांना मेमधला पहिला वळीव नेहमी बेसावध गाठतो.

या विषयाचा एकच असा कायदा आहे का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘बांधकामाच्या जागेवरील धूप आणि गाळ नियंत्रण’ अशा नावाचे एक पुस्तक उघडून नियम वाचता येत नाहीत. ते निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत आणि ते सांभाळणारी कार्यालयेही निरनिराळी आहेत.

सर्वांत आधी बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पाहावेत. मार्च २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या या नियमांनुसार बांधकामाचा राडारोडा आपल्या आवारातच ठेवणे किंवा ठरलेल्या संकलन केंद्रावर पोचवणे, आणि तो रस्त्यावर किंवा गटारात पडून रहदारी वा पाणी अडू न देणे ही निर्माण करणाऱ्याची जबाबदारी ठरते. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्याने काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे वर्गीकरण करायचे असते, तसेच काम सुरू करण्याआधी व्यवस्थापन आराखडा सादर करून स्थानिक संस्थेची मान्यता घ्यायची असते. या यादीत माती स्वतंत्रपणे घातलेली आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या नियमांची जागा घेणारे नवे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. म्हणून त्या तारखेनंतरच्या कामांचा आराखडा नव्या नियमांवर तपासून घ्यावा.

दुसरा धागा जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण (संरक्षण) नियमांत केलेल्या दुरुस्तीचा. ती धुळीसाठी केलेली असली, तरी तिच्यातील कलमे धुपेलाही नेमकी लागू पडतात. पुरेशी धूळप्रतिबंधक व्यवस्था केल्याशिवाय खोदकाम करू नये, सुटी माती, वाळू किंवा राडारोडा उघडा ठेवू नये, साइटकडे जाणारे आणि साइटवरचे रस्ते पक्के असावेत, साइटभोवती इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश आणि जास्तीत जास्त १० मीटर उंचीचा आडोसा असावा आणि या उपायांचा फलक दर्शनी भागात लावावा, असे ही दुरुस्ती सांगते. हवेतील धूलिकणांचे प्रमाण मर्यादेबाहेर असलेल्या शहरांसाठी ही कलमे आहेत आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत पुण्याचे नाव आहे. वाऱ्याने उडू नये म्हणून झाकलेली माती पावसानेही वाहत नाही, एवढे लक्षात घेतले तर एकाच ताडपत्रीत दोन नियम पाळले जातात.

तिसरा, १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा. त्याच्या कलम २४ मध्ये प्रवाहात प्रदूषक पदार्थ सोडण्याला बंदी आहेच, पण प्रवाहाचा मार्ग अडून प्रदूषणात मोठी भर पडेल असा कोणताही पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात जाऊ देण्यालाही आहे. ‘आम्ही काही केमिकल सोडत नाही, साधी माती तर आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच दर वेळी टिकेल असे समजू नये.

बांधलेले क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असलेल्या प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पूर्वमंजुरी लागते. तिच्या अटींमध्ये वरच्या थराची सुपीक माती वेगळी साठवून पुढे बागेसाठी वापरणे, पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था आणि सहामाही पूर्तता अहवाल या गोष्टी येतात. मंजुरीचे पत्र फाइलला लावून कपाटात ठेवण्याऐवजी त्यातल्या मातीविषयीच्या अटींची एक प्रत साइट सुपरवायझरच्या टेबलावर असावी, असा माझा आग्रह असतो, कारण ती अट मोडली जाते ती त्याच्या डोळ्यांदेखत आणि बहुधा त्याला माहीत नसताना.

माझा फक्त एक बंगला आहे. मला यातले काय लागू होते?

पर्यावरणीय मंजुरी लागत नाही आणि एवढ्या कचऱ्याचा आराखडाही बहुधा लागत नाही. पण माती आणि राडारोडा आवाराबाहेर जाऊ न देण्याचे बंधन बंगल्यालाही आहे, टॉवरलाही आहे. वाळू-खडीचा ढीग रस्त्यावर टाकणे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की तो नियमभंग आहे हे सांगितले तर लोक हसतात. तरीही तो नियमभंगच आहे, आणि पहिल्या पावसात त्या ढिगाची निम्मी वाळू चेंबरमध्ये गेलेली पाहणे हा मालकाचा स्वतःचाही तोटा आहे.

प्लॉट टेकडीच्या उतारावर आहे. परवानगी मिळेल का?

मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर लागू असलेल्या, डिसेंबर २०२० मध्ये अमलात आलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकाम तर नाहीच, पण कापणी, सपाटीकरण आणि भराव यांनाही मनाई आहे. १:५ म्हणजे आडवे पाच मीटर चालल्यावर एक मीटर चढ, अंशांत सांगायचे तर साधारण ११ अंश. डोळ्यांना हा उतार फार वाटत नाही. म्हणूनच ‘थोडे सपाट करून घेऊ, मग नकाशा काढू’ असा सल्ला देणारे भेटतात. आधी जेसीबी आणि मग मोजणी हा क्रम बेकायदेशीर तर आहेच, शिवाय समपातळी रेषांचे जुने नकाशे आणि उपग्रहाची छायाचित्रे उपलब्ध असल्याने तो लपतही नाही. सन १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षणही आहे, तेव्हा जमीन घेण्याआधी झोनचा दाखला मागावा.

उतार १:५ पेक्षा सौम्य असेल तर काम होऊ शकते, पण सगळा प्लॉट एकाच वेळी उघडा करू नये. ज्या भागात पाया घ्यायचा तेवढाच उघडावा आणि बाकीचे गवत तसेच राहू द्यावे. कोणतीही विकत आणलेली जाळी आहे त्या गवताच्या तोडीची नसते.

खोदलेली माती माझीच आहे. ती विकली किंवा दुसरीकडे टाकली तर काय होते?

माती जमिनीच्या बाहेर गेली की प्रश्न महसूल खात्याच्या कक्षेत येतो. भराव आणि सपाटीकरणासाठी वापरलेली साधी माती केंद्र सरकारच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेनुसार गौण खनिज ठरते. पायासाठी खोदलेली माती आपोआप या व्याख्येत येते का, हा वाद पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. डिसेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने असे सांगितले की, माती खोदली एवढ्यावरून स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि दंड लावता येणार नाही. तिचा वापर कशासाठी झाला हे पाहावे लागेल. त्यामुळे त्याच प्लॉटवर परत वापरलेल्या मातीची नोंद नीट ठेवावी, आणि बाहेर जाणाऱ्या मातीसाठी तहसील कार्यालयाची परवानगी आणि वाहतूक पास घेतल्याशिवाय हायवा हलवू नये. विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो.

पावसाळ्याआधी नेमके काय करायचे?

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, साइट कोरडी असताना, एकदा हातात बादली घेऊन वरच्या कुंपणापासून खालच्या फाटकापर्यंत चालावे. बादली अशासाठी की जिथे शंका वाटेल तिथे पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहावे. कागदावरचा उतार आणि जमिनीवरचा उतार यांची गाठ क्वचितच पडते. त्यानंतर पहिले काम म्हणजे वरून, शेजारच्या जागेतून किंवा टेकडीवरून येणारे स्वच्छ पाणी साइटमध्ये शिरूच न देणे. वरच्या हद्दीने समपातळीच्या जरा उताराने एक चर काढून ते पाणी बाजूने खाली न्यावे. पाणलोटाच्या कामात गावागावांत सलग समतल चर खोदले जातात. तिथे उद्देश पाणी मुरवण्याचा असतो आणि इथे वळवण्याचा, पण डोळा तोच लागतो. हे एक काम नीट झाले तर पुढची निम्मी डोकेदुखी संपते, आणि तरीही सर्वांत जास्त टाळले जाते तेही हेच, कारण चर काढायला काँक्रीटच्या कामावरची माणसे सोडावी लागतात.

मग उघडे उतार झाकावेत. दोन-तीन महिने तिथे काम होणार नसेल तर काथ्याची जाळी अंथरून तिच्यातून गवत उगवू द्यावे. शेताच्या बांधावर लावतात तो स्टायलो किंवा वाळा पावसाच्या तोंडावर लावला तर लवकर धरतो. आठवड्याभरात काम होणार असेल तर ताडपत्री पुरे, पण तिची वरची कड जमिनीत पुरलेली हवी. नुसत्या चार विटा ठेवल्या तर वारा ताडपत्री नेतो आणि पाणी तिच्याखालून वाहते.

मोठी खोदाई शक्य असेल तर दसऱ्यानंतर सुरू करावी. मजूर, वित्तपुरवठा आणि विक्री यांची वेळापत्रके वेगळे सांगतील, याची मला कल्पना आहे.

साइटभोवती हिरवी जाळी लावली आहे. ती पुरेशी नाही का?

बांबूला बांधलेली हिरवी जाळी धुळीसाठी आणि दृष्टिआड करण्यासाठी असते. गाळासाठी तिचा जवळपास काही उपयोग नाही. तिची खालची कड जमिनीपासून चार बोटे वर लोंबत असते आणि सगळे पाणी तिथूनच जाते. गाळ अडवण्यासाठी विणलेले जाड कापड लागते आणि ते सुमारे १५ सेंटिमीटर खोल चर काढून त्यात पुरावे लागते, वर माती दाबावी लागते आणि खुंट कापडाच्या मागे, उताराच्या खालच्या बाजूला, एकमेकांपासून दोन मीटरांच्या आत ठोकावे लागतात. कुंपण समपातळीवर चालावे. उताराला आडवेतिडवे लावले तर पाणी त्याच्या कडेने धावत एका कोपऱ्यात साठते आणि तिथे कापड फाडून बाहेर पडते. तीस मीटर कुंपणामागे साधारण हजार चौरस मीटरांहून अधिक जागेचे पाणी येऊ नये, असा ठोकताळा आहे. आणि कुंपण ओढ्याच्या पात्रात कधीही आडवे घालू नये. ते टिकत तर नाहीच, वर तुंबलेले पाणी एकदम सुटण्याचा धोका निर्माण करते.

कापडाच्या निम्म्या उंचीपर्यंत गाळ साचण्याआधी तो काढावा. कापड मिळत नसेल तर गोणपाटाच्या पोत्यांत बारीक खडी भरून, सांधे चुकवून दोन थर रचले तरी छोट्या प्लॉटवर काम भागते.

गाळ बसण्यासाठी टाकी केली, तरी बाहेर जाणारे पाणी चहासारखे का दिसते?

कारण माती एका मापाची नसते. एक मीटर खोल स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण सुमारे दोन मिनिटांत तळाला जातो. त्याच्या दहाव्या हिश्शाचा, ०.०१ मिलिमीटरचा पोयट्याचा कण तीन तास घेतो. आणि त्याच्याही दहाव्या हिश्शाचा चिकणमातीचा कण तेच एक मीटर अंतर उतरायला जवळजवळ तेरा दिवस लावतो, कारण कणाचा व्यास दहा पटींनी घटला की बसण्याचा वेग शंभर पटींनी घटतो. धो धो पावसात तुमच्या टाकीत पाणी फार तर अर्धा तास थांबणार. म्हणजे टाकी वाळू पकडते, पोयट्याचा थोडा भाग पकडते आणि आपल्याकडच्या काळ्या मातीतील बारीक, फुगणाऱ्या चिकणमातीला हात जोडून निरोप देते.

हे मी पुस्तकातून नाही, एका बाटलीतून शिकलो. पुण्याच्या पश्चिमेकडील एका कामावर मी स्वतः आखलेली दोन कप्प्यांची टाकी होती आणि तिच्याबद्दल मला अभिमानही होता. खालच्या सोसायटीचे एक काका हातात पाण्याची बाटली घेऊन आले. आमच्याच टाकीतून बाहेर पडलेले पाणी तिच्यात भरलेले होते. काही न बोलता त्यांनी ती साइट ऑफिसच्या खिडकीत ठेवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी करंगळीएवढा जाड थर होता आणि वरचे पाणी तरीही तांबूसच. चौथ्या दिवशीही तसेच. चूक टाकीत नव्हती. टाकीच्या वर आम्ही पाडलेला मुरमाचा उघडा ढीग हीच खरी चूक होती. तो ढीग झाकल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग बदलला. तेव्हापासून प्रत्येक साइटवर पहिल्या पावसानंतर मी बाटली भरून खिडकीत ठेवतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी ती बरेच काही सांगते.

टाकी करूच नये असा याचा अर्थ नाही. ती लांबट असावी, पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने वरच्या थरातून बाहेर पडावे आणि मध्ये एक आडभिंत असावी. आकारमानासाठी अमेरिकेतील बांधकामाच्या परवान्यात (त्याविषयी पुढे येईल) दिलेले एकरी ३,६०० घनफूट, म्हणजे सुमारे १०२ घनमीटर हे माप आरंभबिंदू म्हणून धरता येते. ते साधारण २५ मिलिमीटर पावसाच्या पाण्याएवढे आहे. आपल्या पावसासाठी ते कमीच पडेल, आणि शहरातील अरुंद प्लॉटवर तेवढी जागाही मिळणार नाही. म्हणून पुन्हा तेच सांगतो की माती वर झाका.

तळघराच्या खड्ड्यात साठलेले पाणी पंपाने थेट गटारात सोडले तर चालेल का?

चालू नये, पण सर्रास चालते. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) चिखलात बुडवून ठेवला की पाण्यापेक्षा चिखलच जास्त उपसला जातो. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात भोके पाडलेला पत्र्याचा पिंप उभा करून त्याभोवती खडी भरावी आणि पंप त्या पिंपात सोडावा. पाणी आधी टाकीत घ्यावे, रात्रभर थांबू द्यावे आणि मग वरचे निथळ पाणी सोडावे. तेच पाणी साइटवर शिंपडण्यासाठी वापरले तर टँकरचेही पैसे वाचतात.

खोदलेल्या मातीचा ढीग खड्ड्याच्या किती जवळ ठेवता येतो?

खोदाईच्या सुरक्षिततेविषयी रूढ असलेला नियम असा की, ढीग काठापासून निदान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तेवढा लांब असावा. हा प्रश्न केवळ गाळाचा नाही. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यातील कोंढव्यात मुसळधार पावसात एका गृहसंकुलाची सीमाभिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. भिजलेली माती जड होते आणि तिची पकड सुटते. काठावरचा ढीग, शेजारची भिंत आणि मजुरांची वस्ती या तीन गोष्टी पावसाळ्यात कधीही एका रेषेत येऊ देऊ नयेत. भिंतीला पोट आलेले दिसले किंवा काठाला समांतर भेग दिसली तर आधी माणसे हलवावीत, अभियंत्याला फोन त्यानंतर करावा.

डंपरच्या चाकांबरोबर चिखल रस्त्यावर येतो. त्यावर उपाय काय?

फाटकाच्या आत ४० ते ६५ मिलिमीटरच्या मोठ्या खडीचा, वीतभर जाडीचा पट्टा टाकावा. जागा असेल तर १५ मीटर लांब, नसेल तर निदान चाकाचा एक पूर्ण फेरा होईल इतका. त्यापुढे चाके धुण्याची जागा करावी आणि ते पाणी टाकीकडे वळवावे, रस्त्याकडे नव्हे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही वाहने झाकणे आणि चाके धुणे यांवर भर होता. रस्त्यावर आलेला चिखल संध्याकाळी फावड्याने उचलावा. होज पाइप लावून तो धुऊन टाकणे म्हणजे गाळाला स्वतःच्या हाताने चेंबरचा रस्ता दाखवणे.

इथेच आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या ट्रकचाही उल्लेख करतो. ट्रकचे पन्हळ धुतलेले सिमेंटचे पाणी अतिशय अल्कधर्मी असते आणि ओढ्यातील मासे त्यात वाचत नाहीत. त्यासाठी प्लास्टिक अंथरलेला एक वेगळा खड्डा ठेवावा. त्यात सुकलेले काँक्रीट नंतर फोडून भरावात वापरता येते.

ओढ्याच्या काठावर भराव टाकून थोडी जागा वाढवली तर?

तसे करू नये. विकास आराखड्यातील पूररेषा आणि नाल्याचे अंतर हे नकाशावरचे शोभेचे आकडे नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात माणसे वाहून गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या आणि सीमाभिंती पडल्या. त्या पुराचे खापर एकट्या गाळावर किंवा एकट्या पावसावर फोडता येणार नाही. अरुंद झालेले पात्र, त्यात आलेली बांधकामे, पूल आणि मोऱ्या यांचाही वाटा होता. पण पात्रात टाकलेली प्रत्येक डंपरभर माती पाण्याची तेवढी जागा खाते, आणि तिचा हिशेब खालच्या वस्तीला चुकवावा लागतो.

अमेरिकेत काम करणारे ओळखीचे अभियंते म्हणतात की तिथे यासाठी वेगळा परवाना लागतो. हे खरे का?

खरे आहे. तिथल्या स्वच्छ पाणी कायद्याखाली एक एकर किंवा अधिक जमीन उघडी करणाऱ्या बांधकामाला पावसाळी पाण्याचा परवाना घ्यावा लागतो आणि गाळ रोखण्याचा लेखी आराखडा साइटवर ठेवावा लागतो. संघराज्याच्या सर्वसाधारण परवान्यानुसार दर सात दिवसांनी, किंवा दर चौदा दिवसांनी आणि पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरांहून थोड्या अधिक पावसानंतर २४ तासांत तपासणी करावी लागते. आपल्या पावसात हा दुसरा पर्याय घेतला तर जुलैभर रोज तपासणी करावी लागेल, हे तिकडून परतलेल्या मित्रांना मी गमतीने सांगतो. मात्र तिथून घेण्यासारखी गोष्ट आहे ती नोंदवहीची. तारीख, किती पाऊस, कुठे कुंपण फाटले, कधी दुरुस्त केले, एवढ्या चार रकान्यांची वही साइटवर असेल तर तक्रार आल्यावर मालकाच्या हातात तोंडी खुलाशापेक्षा भक्कम काहीतरी असते.

कोकणात किंवा गोव्यात हेच नियम आहेत का?

केंद्राचे नियम तेच आहेत, बाकी तपशील वेगळा. कोकणात खाडीकाठी कांदळवन असेल तर त्याभोवती ५० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्याचा आणि तिथे राडारोडा न टाकण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश लक्षात ठेवावा. गोव्यात नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७अ नुसार पूर्वपरवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही आणि सखल जमीन भरता येत नाही.

शेजारच्या साइटवरून चिखल आमच्या आवारात येतो. तक्रार कुठे करायची?

आधी साइटवर जाऊन तिथल्या अभियंत्याला भेटावे. निम्म्या तक्रारी एका चरीने मिटतात आणि संबंधही टिकतात. तरीही फरक पडला नाही तर पाऊस चालू असताना, चिखल कोणत्या बिंदूतून आत येतो ते स्पष्ट दिसेल अशी तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. नुसत्या चिखलाचे छायाचित्र फारसे उपयोगी नसते. उगम आणि मार्ग एका चौकटीत यायला हवेत. राडारोडा आणि गटाराबद्दल महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, ओढ्यात किंवा नदीत जाणाऱ्या गढूळ पाण्याबद्दल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आणि मातीच्या वाहतुकीबद्दल तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. टेकडी कापली जात असेल तर बांधकाम परवानगी विभागाला नकाशासह कळवावे.

प्रकल्प मोठा असेल तर त्याच्या पर्यावरणीय मंजुरीचे पत्र ‘परिवेश’ या संकेतस्थळावर पाहता येते. तक्रारीत मातीविषयीच्या अटीचा क्रमांक लिहिला की उत्तराचा सूर बदलतो, असा अनुभव आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली देऊ शकतात. जुन्या संहितेत हेच कलम १३३ होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. तिथे पर्यावरणाच्या मूळ वादासाठी सहा महिन्यांची आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, तेव्हा ‘पावसाळा संपला की बघू’ म्हणत दोन पावसाळे घालवू नयेत. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधील तुरुंगवासाची तरतूद आता राहिलेली नाही. १ एप्रिल २०२४ पासून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आहे.

टाकीतून काढलेला गाळ टाकायचा कुठे?

धरणातला गाळ शेतकरी ट्रॉली भरून नेतात आणि राज्यात २०१७ पासून त्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाही आहे. त्यामुळे साइटचा गाळही कोणीतरी नेईल अशी अनेकांची समजूत असते. साइटच्या गाळात मुरूम, सिमेंट, खिळे आणि थर्मोकोल असते, तो कोणीही शेतात घेत नाही. तो उपसून प्लॉटच्याच वरच्या, पण पाण्याच्या वाटेत नसलेल्या भागात पातळ थरात पसरावा आणि चार-पाच उन्हे दाखवावीत. वाळल्यावर खिळे आणि प्लास्टिक वेचून रस्त्याखालच्या किंवा पार्किंगच्या भरावात वापरावा. सिमेंटचा अंश नसलेला बारीक गाळ आधी साठवलेल्या वरच्या मातीत मिसळून बागेला चालतो. उरलेला राडारोड्याच्या संकलन केंद्रावर पाठवून पावती त्याच नोंदवहीत चिकटवावी. उपसलेला ओला गाळ टाकीच्या काठावरच रचून ठेवू नये, कारण पुढच्या सरीला तो पुन्हा आतच जातो, आणि त्याच मातीसाठी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.